गोष्ट सांगायला उभे राहताय? या चुका टाळा

ठाण्यात आणि नवी मुंबईत हौशी गोष्ट सांगणाऱ्यांची वानवा नाही. निवृत्त शिक्षिका, व्हीआरएस घेतलेले काका, सुट्टीत काहीतरी करू म्हणणारी कॉलेजची पोरं, सगळे तयार असतात. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निरोप जातो, पहिल्या रविवारी हॉल भरतो, दुसऱ्या वेळी निम्मा होतो आणि पुढे उपक्रम गुपचूप बंद पडतो. का, म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘हल्लीच्या मुलांना मोबाइल सोडून काही नको.’

मुलांवर खापर फोडणं सोपं आहे. पण बहुतेक वेळा गोष्ट चांगली असते, सांगणाराही बरा असतो. दुर्लक्ष झालेलं असतं ते ऐकणाऱ्याकडे. त्याला दिसत नसतं, नीट ऐकू येत नसतं, किंवा गोष्टीच्या नावाखाली आपल्याला काहीतरी शिकवायचा डाव आहे हे त्याने केव्हाच ओळखलेलं असतं.

पुस्तकातली गोष्ट घोकून जाणं

सर्वात जास्त नुकसान हीच चूक करते, आणि मेहनती माणसंच ती करतात. पाठ केलेली गोष्ट डोळ्यांत दिसते. नजर समोरच्या पोरांवर असते, पण माणूस आतल्या आत पुढचं वाक्य शोधत असतो. एखादा शब्द निसटला की गाडी अडते. शिवाय छापील वाक्यं बोलायला जड असतात. ‘घनदाट अरण्यातून मार्गक्रमण करीत असता’ हे वाचायला ठीक. तोंडाने सांगताना म्हातारी जंगलातून निघते, बस्स.

पाठ करायच्या त्या तीनच गोष्टी: पहिलं वाक्य, शेवटचं वाक्य आणि मध्ये पुन्हा पुन्हा येणारं पालुपद. बाकीचे टप्पे लक्षात ठेवायचे. म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट घ्या. म्हातारी लेकीकडे निघाली, वाटेत कोल्हा भेटला, वाघ भेटला, तिने प्रत्येकाला ‘तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा’ म्हणून वाटेला लावलं, लेकीकडे राहिली, भोपळ्यात बसून परत निघाली. एवढाच सांगाडा. मांस दर वेळी नवं चढवायचं. ‘म्हातारी बितारी मला नाही ठाऊक, चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’ मात्र अक्षरशः तेच हवं, कारण दुसऱ्या खेपेपासून ते मुलं म्हणणार असतात. तिथे शब्द बदललात तर त्यांचा सूर जातो.

आपल्या श्रावणातल्या कहाण्या अशाच टिकल्या. ‘आटपाट नगर होतं’ ही सुरुवात पक्की आणि ‘साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’ हा शेवट पक्का. मधल्या गोष्टीतली सून घरोघरी वेगळी.

पाठांतराचा खरा तोटा कळतो तो मध्येच कुणी बोललं की. समजा, भोपळा टुणूक टुणूक चाललाय आणि पुढे बसलेली मुलगी विचारते, ‘पण आजीला आत श्वास कसा घेता आला?’ पाठांतरवाला म्हणतो, ‘मध्ये बोलायचं नाही, शेवटी प्रश्न विचारा.’ झालं, ती मुलगी गेली आणि तिच्या शेजारचा पण गेला. ज्याला गोष्ट येते तो तिथेच थांबतो. ‘अगं हो की! लेकीने काय केलं असेल?’ एक जण म्हणतो भोकं पाडली, दुसरा म्हणतो देठ काढून टाकला. ‘बरोब्बर, देठापाशी एवढंसं भोक ठेवलं होतं, त्यातूनच तर तिला वाघाची मिशी दिसली.’ गोष्ट पुढे सरकली, आणि आता ती त्या मुलीचीही झाली. फक्त प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली तर दोन घेऊन पुढे निघायचं. नाहीतर म्हातारी जंगलातच राहते.

‘तर मुलांनो, यावरून काय शिकलो?’

हे वाक्य आजपासून बंद करा. त्यावर मुलं जी उत्तरं देतात (‘खोटं बोलू नये’, ‘मोठ्यांचं ऐकावं’) ती कुठल्याही गोष्टीला चालतात, हे त्यांना पक्कं माहीत असतं. त्यात भोपळ्याची म्हातारी तर जाताना सगळ्यांना थाप मारते, येतानाही मारते आणि सुखरूप घरी पोचते. काढा बोध! ही गोष्ट इतकी वर्षं मुलांना आवडते, त्यात या थापेचा मोठा वाटा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

कुणी म्हणेल, कीर्तनकार नाही का उपदेश करत? करतो. पण नारदीय कीर्तनातला जाणकार बुवा निरूपणाचं मुख्य काम पूर्वरंगात, म्हणजे पहिल्या भागात उरकतो आणि उत्तररंगात, म्हणजे दुसऱ्या भागात आख्यान (कथा) रंगवतो. आपण उलट करतो: छान रंगलेल्या गोष्टीवर शेवटी उपदेशाचं पाणी ओततो. गोष्ट संपली की गप्प बसा. ती शांतता अवघड वाटते हे खरं, पण एखादं मूल त्यातच स्वतःहून काहीतरी बोलतं, आणि ते तुमच्या बोधापेक्षा दहापट बरं असतं.

हीच चूक मोठ्यांच्या बाबतीत फार टोचते. वृद्धाश्रमात जाऊन आईवडिलांना विसरलेल्या मुलाची हळवी गोष्ट सांगणारे स्वयंसेवक असतात. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येतात आणि सांगणाऱ्याला वाटतं, काय परिणाम झाला! अहो, त्यांची जखम आहे ती. त्यांना विनोदी सांगा, भुताची सांगा, लग्नातल्या फजितीची सांगा. आणि लहान मुलांशी बोलतो तसा लाडिक सूर लावू नका. ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर तर अर्धा वेळ तुम्ही ऐकायच्या तयारीनेच जा.

जागा आणि आवाज

ठाण्यात तलावपाळीच्या काठावर रविवारी संध्याकाळी गोष्टी सांगायची कल्पना फोटोत सुरेख दिसते. प्रत्यक्षात हॉर्न, भेळवाले आणि फिरायला आलेली गर्दी. गोष्ट तिसऱ्या रांगेपर्यंतही पोचत नाही. सोसायटीतली गच्चीखालची जागा, ग्रंथालयाची खोली, देवळाचा सभामंडप दुपारच्या वेळी, हे सगळं बरं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे. आपल्याकडे पुस्तकांच्या सावलीत बसायच्या जागा नाहीत असं नाही.

हॉलमध्ये फरशीमुळे आवाज घुमतो. सतरंज्या अंथरा, मुलांना भिंतीपासून पुढे ओढा. आपल्या पाठीमागे खिडकी ठेवू नका. मुलांना तुमचा चेहरा दिसत नाही, नुसती काळी आकृती दिसते. तीस-चाळीस जणांसाठी माइक नको. माइक हातात आला की आपोआप भाषण सुरू होतं.

उघड्यावर लाउडस्पीकर लावणारच असाल तर लेखी परवानगी लागते. रात्री १० ते सकाळी ६ तो बंद. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, आणि रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र. कोजागिरीला गच्चीवर कार्यक्रम ठेवणाऱ्यांनी हे आधी बघावं; दूध आटेपर्यंत दहा वाजतातच.

आणि सगळा उत्साह २७ फेब्रुवारीला खर्च करू नका. मराठी भाषा गौरव दिनाला प्रत्येक कार्यक्रमात दहा वक्ते असतात, तुमच्या वाट्याला सात मिनिटं येतात, त्यातली चार सत्कारात जातात.

वाक्यागणिक भाषांतर

घोडबंदर रोडवरच्या किंवा खारघरच्या संकुलात समोर बसलेल्या निम्म्या मुलांचं मराठी तोडकंमोडकं असतं. म्हणून काही जण प्रत्येक वाक्य मराठीत, मग हिंदीत, मग इंग्रजीत सांगतात. त्यात कुणालाच गोष्ट मिळत नाही. मराठीतच सांगा, पण हाताने दाखवा, आवाजाने दाखवा, पालुपद वाढवा. अडेल असा शब्द असेल तर ती वस्तूच आणा. जातं आणता येत नाही, पण खलबत्ता येतो, सूप येतं. फार झालं तर गोष्टीआधी दोन मिनिटांत सारांश सांगून टाका. शेवट ठाऊक असला म्हणून मुलांचं काही बिघडत नाही.

वयाचं मात्र बघा. तीन वर्षांचं आणि बारा वर्षांचं मूल एकाच गोष्टीत बसत नाही. मोठ्या मुलांना गोष्टीत काम द्या, नाहीतर वेळ वेगळी ठेवा.

गावच्या गोष्टी उचलून आणणं

नवी मुंबईत ही चूक सर्रास होते. १९७० मध्ये सिडको ही शहर वसवणारी सरकारी कंपनी आली, सेक्टर पडले, आणि सेक्टरात वाढलेल्या मुलांना वाटतं की इथे आधी काही नव्हतंच. वाशी, तुर्भे, घणसोली, करावे, दिवाळे ही गावं होती आणि आहेत. आगरी-कोळी घरांत भातशेतीच्या, मिठागरांच्या, खाडीतल्या मासेमारीच्या आठवणी आहेत. तिथल्या गोष्टी मुलांना सांगाव्यात हे अगदी बरोबर. पण लोक जातात कसे? मोबाइलचं रेकॉर्डिंग सुरू करून, ‘आजी, एखादी जुनी लोककथा सांगा ना.’ आजी म्हणते, ‘मला कुठे येतात गोष्टी!’ आणि हे लोक परत येऊन सांगतात, तिथे आता काही उरलं नाही.

गोष्ट मागू नका, कामाबद्दल विचारा. उधाणाच्या भरतीला शेताचा बांध फुटला तर रात्री कोण धावायचं? वाशीचा पहिला खाडीपूल १९७३ चा; त्याच्या आधी मुंबईला कसं जायचात? मिठागरावर पायांना काय बांधायचे? अशा प्रश्नांना माणूस खुलतो, आणि तासाभराने गोष्ट आपोआप बाहेर येते. तेव्हाही मोबाइल खिशातच बरा. रेकॉर्डिंग करायचं तर विचारून.

मग पुढचा प्रश्न: ही गोष्ट मी बाहेर सांगू का? तो विचारायलाच हवा. धवलारीण लग्नात जे धवले गाते ते विधीचं गाणं आहे, तिचा तो मान आहे; सोसायटीच्या स्नेहसंमेलनातला आयटम नाही. कुणाकडून ऐकलं ते त्यांच्या परवानगीने सांगा, नाव नको म्हणाले तर ‘करावे गावातल्या एका आजींकडून’ एवढं पुरे. आणि हशा मिळावा म्हणून आगरी बोलीची नक्कल तर मुळीच नको. ऐकणाऱ्यांत त्याच घरातली मुलं बसलेली असतात. ती हसतात, पण घरी जाऊन आपली बोली बोलायला लाजतात.

सर्वात चांगलं म्हणजे त्या आजींनाच बोलवा. स्टेज, शाल-श्रीफळ, निवेदिका असला थाट नको, त्याने त्या अवघडतात. खुर्ची सगळ्यांच्या पातळीवर, शेजारी तुम्ही, आणि तुमचं काम फक्त ‘हं, मग?’ म्हणायचं.

काही गोष्टी अजून ताज्या आहेत. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात जमिनीच्या मोबदल्यासाठी झालेल्या आंदोलनात गोळीबार झाला आणि पाच जण गेले. त्यांची घरं, नातवंडं इथेच आहेत. हे सांगू नये असं नाही. पण त्यात मसाला घालू नये, संवाद रचू नयेत.

इतिहास आणि दंतकथा यांची सरमिसळ ठाण्यात जास्त होते. किल्ल्यातल्या भुयाराची गोष्ट सांगा की खुशाल, फक्त ‘असं सांगतात’ हे दोन शब्द लावा. जे पक्कं आहे तेही कमी रंगतदार नाही. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून १४ डबे आणि सुमारे ४०० प्रवासी घेऊन पहिली गाडी ठाण्याला आली. मुलं त्याच मार्गावर रोज लोकलने जातात. त्यांना सन पाठ करायला लावू नका. घोड्याबैलाशिवाय गाडी चालताना पहिल्यांदा बघणारा माणूस घरी जाऊन बायकोला काय म्हणाला असेल, ते विचारा.

लेखकाची गोष्ट, व्हिडिओ आणि मुलं

लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांच्या गोष्टी बिनधास्त सांगा. अलीकडच्या लेखकांचं साहित्य हौशी मंडळाने तिकीट न लावता सादर केलं तर कायद्यात सवलत आहे. मात्र तेच रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकणं हा वेगळा मामला आहे, तिथे परवानगी घ्या. लेखकाचं नाव दोन्हीकडे घ्या.

मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय ग्रुपवर टाकू नका. आणि गोष्ट सांगणारा कितीही ओळखीचा असो, खोलीत दुसरं मोठं माणूस हवंच, दार उघडं हवं. यात कुणी रागवायचं कारण नाही.

ऐन वेळी अडलं तर

मधलाच भाग विसरलात: ‘आणि मग काय झालं असेल?’ असं मुलांना विचारा. ती जे सांगतील तेच पुढे न्या, मूळ गोष्ट कुणाला ठाऊक आहे?

एक मुलगा आधीच शेवट सांगून टाकतो: त्याला वाघ करा.

आईबाबा मागे गप्पा मारतात: मोठ्यांसाठी मागे खुर्च्या ठेवूच नका. सतरंजीवर मुलांमध्ये बसलेला माणूस सहसा बोलत नाही.

भुताच्या गोष्टीत लहानगं रडायला लागलं: भुताला शिंक आणा.

पत्र्यावर पाऊस कोसळू लागला: ओरडून सांगू नका. थांबा, पाऊस ऐका, कमी झाला की पुढे चला.

दोनच मुलं आली: त्यांनाच सांगा, पूर्ण सांगा. कार्यक्रम रद्द केलात तर पुढच्या वेळी तीही येत नाहीत.

आणि उपक्रम थकव्याने बंद पडू नये म्हणून सुरुवातीलाच कमी कबूल करा. दर रविवारपेक्षा महिन्यातला दुसरा रविवार, पाऊण तास, सांगणारे किमान दोघं. एकाच्या घशाला काही झालं तर दुसरा उभा राहतो. पुढची तारीख त्याच दिवशी, मुलं निघायच्या आत फळ्यावर लिहा. ग्रुपवरच्या निरोपापेक्षा मुलांनी घरी जाऊन सांगितलेली तारीख जास्त टिकते.