रिव्हॉल्व्हर, काडतूस आणि नळी यांचा मेळ कसा तपासावा

काडतूस सिलिंडरमध्ये सहज सरकले, सिलिंडर बंद झाले आणि फिरलेही, एवढ्यावरून ते त्या रिव्हॉल्व्हरसाठी योग्य आहे असे समजणे धोक्याचे आहे. सिलिंडरमधील घर, म्हणजे काडतूस बसते तो कप्पा, केवळ पुंगळीची (काडतुसाच्या धातूच्या आवरणाची) लांबी आणि जाडी पारखते. दारू पेटल्यावर दाब किती चढेल किंवा गोळी नळीतील खाचांमध्ये नीट पकड घेईल की नाही, याविषयी ते काहीच सांगत नाही. त्यामुळे काडतुसाचे नाव, त्याचा दाब आणि गोळीचा व्यास या तीन गोष्टी स्वतंत्रपणे तपासाव्या लागतात, आणि त्याही याच क्रमाने.

तपासणीपूर्वी शस्त्र रिकामे करावे, प्रत्येक घर डोळ्यांनी पाहावे आणि काडतुसे हाताजवळून दूर ठेवावीत. मग नळीवर कोरलेले नाव पूर्ण वाचावे, कारण नुसता आकडा फसवा असतो. .३८ स्पेशल आणि .३८ स्मिथ अँड वेसन या दोन्हींत ‘.३८’ आहे, पण पहिल्याची गोळी सुमारे ०.३५७ इंचाची आणि दुसऱ्याची सुमारे ०.३६१ इंचाची असते; दुसऱ्याची पुंगळीही आखूड आणि किंचित जाड असते. उलट .३८ स्पेशल आणि .३५७ मॅग्नम ही नावे वेगळी दिसली तरी दोन्हींच्या गोळ्यांचा व्यास एकच आहे. काडतुसाच्या बुडावरचे अक्षर न् अक्षर नळीवरच्या नावाशी जुळले पाहिजे, किंवा उत्पादकाच्या पुस्तिकेत त्या पर्यायाचा स्पष्ट उल्लेख असला पाहिजे.

एकाच व्यासाच्या कुळात लांब पुंगळीच्या शस्त्रातून आखूड काडतूस चालते, त्याच्या उलट मात्र चालत नाही. .३५७ मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ स्पेशल आणि .४४ मॅग्नममध्ये .४४ स्पेशल वापरता येते. .३५७ मॅग्नम १९३५ मध्ये बाजारात आले तेव्हा त्याची पुंगळी १.१५५ इंचांवरून १.२९ इंचांपर्यंत लांबवली गेली, ती ते काडतूस जुन्या, कमी ताकदीच्या शस्त्रांत बसू नये म्हणूनच. अमेरिकी मानकांनुसार .३८ स्पेशलचा कमाल दाब १७,००० पाउंड प्रति चौरस इंच आहे, तर .३५७ मॅग्नमचा ३५,०००. पण ही लांबीची अटकाव-व्यवस्था सगळीकडे नसते. १८९२ च्या कोल्ट सैनिकी रिव्हॉल्व्हरांपैकी सुरुवातीच्या काहींची घरे आरपार एकाच व्यासाची होती आणि त्यांत .३५७ मॅग्नमही शिरू शकते. .४५५ वेब्ली रिव्हॉल्व्हरांची सिलिंडरे मागून तासून ती .४५ एसीपी या पिस्तुलाच्या काडतुसासाठी बदलली गेली. त्या काडतुसाचा पूर्ण दाब या जुन्या शस्त्रांना झेपण्यापलीकडचा आहे. .३२ एसीपीदेखील .३२ स्मिथ अँड वेसन लाँगच्या घरात बसू शकते, परंतु त्याचा दाब बराच जास्त असतो. बदल केलेले किंवा जुने शस्त्र हाती आले, तर जाणकार गनस्मिथने पाहिल्याखेरीज त्यातून एकही काडतूस झाडू नये, असे माझे ठाम मत आहे. खोक्यावर ‘प्लस पी’ लिहिले असल्यास त्याचा अर्थ वाढीव दाब असा आहे, आणि पुस्तिकेत त्याला परवानगी नसेल तर ती काडतुसे बाजूला ठेवावीत.

आता नळीकडे येऊ, कारण दाब जुळला तरी नेम आणि स्वच्छता यांचा प्रश्न इथेच सुटतो किंवा बिघडतो. गोळी घरातून निघते, घराच्या पुढच्या अरुंद भागातून म्हणजे थ्रोटमधून जाते, छोटी फट ओलांडते आणि मग नळीच्या पीळदार खाचांत शिरते. थ्रोटचा व्यास खाचांच्या व्यासाइतका किंवा त्याहून किंचित अधिक असावा लागतो. थ्रोट अरुंद असेल तर ती शिशाची गोळी आधीच दाबून बारीक करते. मग नळीत गोळीच्या कडेने तप्त वायू निसटतात, शिसे वितळून खाचांना चिकटते आणि नेम ढळतो. .४५ कोल्टच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवावे, कारण दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या नळ्या साधारण ०.४५४ इंचाच्या, तर नंतरच्या ०.४५१ ते ०.४५२ इंचाच्या आहेत, आणि आजची ०.४५२ इंचाची कठीण शिशाची गोळी जुन्या नळीत सैल पडते.

माप घेण्यासाठी रिकामी नळी पुसून हलके तेल लावावे आणि खाचांच्या व्यासापेक्षा किंचित मोठा, शुद्ध मऊ शिशाचा तुकडा तोंडाकडून पितळी किंवा लाकडी दांड्याने हळूहळू ठोकत आरपार न्यावा. लोखंडी दांडा वापरू नये. नळीच्या तोंडाला चरा पडला की नेम गेलाच. दांडा सरकताना हाताला लागणारा अडथळा सर्वत्र सारखा असावा. जिथे नळी चौकटीत आट्यांनी बसवलेली असते तिथे तो अचानक वाढला, तर नळी त्या जागी आवळली गेली आहे. बाहेर आलेला तुकडा मायक्रोमीटरने मोजावा. स्मिथ अँड वेसनसारख्या पाच खाचांच्या नळीत समोरासमोर दोन खाचा येत नाहीत, म्हणून साधा मायक्रोमीटर कमी आकडा दाखवतो आणि तिथे व्ही-आकाराच्या टेकणाचा मायक्रोमीटर लागतो. तो नसेल तर हाच तुकडा प्रत्येक थ्रोटमधून पुढून बोटाने ढकलून पाहावा. हलक्या दाबाने गेला तर ठीक, अडला तर ती थ्रोट नळीपेक्षा अरुंद आहे. सगळी घरे तपासावीत, कारण एकाच सिलिंडरमध्येही फरक सापडतो. शिशाची गोळी निवडताना ती थ्रोटमध्ये जेमतेम घट्ट बसेल एवढ्या व्यासाची घ्यावी.

.३५७ च्या शस्त्रातून आखूड .३८ काडतुसे बराच काळ झाडली असतील तर घरात काजळीचे कडे साचते आणि लांब पुंगळी त्यावर अडते. अशी पुंगळी अंगठ्याने जोर देऊन बसवू नये, कारण तिचे तोंड आवळले जाऊन दाब वाढू शकतो. घर ब्रशने साफ करावे. झाडताना आवाज क्षीण आला तर तिथेच थांबावे, शस्त्र सुरक्षित दिशेला धरून थोडे थांबावे, मग रिकामे करून नळीत गोळी अडकली आहे का ते पाहावे. हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये ताकदीचे काडतूस प्रथमच वापरताना शेवटचे एक काडतूस न झाडता बाहेर काढावे आणि त्याची लांबी आधीच्या मापाशी ताडून पाहावी. धक्क्यांनी गोळी पुंगळीतून पुढे सरकली असेल, तर ती सिलिंडर अडवू शकते आणि त्या प्रकारची काडतुसे त्या शस्त्रासाठी बाद करावीत.