नव्या आग्नेय आशियाई रेस्टॉरंटमध्ये मित्रमंडळींसह जेवायला जाताना या चुका टाळा

पुण्या-मुंबईत थाई, व्हिएतनामी किंवा इंडोनेशियन जेवण देणारे नवे रेस्टॉरंट उघडले की मित्रमंडळींचा बेत ठरायला वेळ लागत नाही. मात्र त्या मंडळींत कोण शाकाहारी आहे, कोणाचा त्या दिवशी गुरुवार आहे आणि कोणाला कोळंबीची ॲलर्जी आहे, याची चौकशी बहुतेक वेळा टेबलावर बसल्यानंतर होते, आणि संध्याकाळ बिघडण्याचे सर्वांत मोठे कारण तेच असते.

या जेवणाची चव ज्या घटकांवर उभी आहे, ते ताटात डोळ्यांना दिसत नाहीत. फिश सॉस म्हणजे बारीक मासे भरपूर मिठात अनेक महिने आंबवून गाळलेला द्रव. आपल्या मांदेलीच्याच कुळातले मासे त्यासाठी वापरतात आणि व्हिएतनाममधील फू क्वोक बेट त्यासाठी प्रसिद्ध आहे. कोकणात ज्याला जवळा म्हणतात, तशी बारीक कोळंबी मिठात आंबवून, वाटून श्रिंप पेस्ट तयार होते. थायलंडमध्ये तिला कापी, मलेशियात बेलाचान आणि इंडोनेशियात तेरासी म्हणतात. थाई रेड आणि ग्रीन करीच्या पारंपरिक वाटणात ही पेस्ट असतेच. त्यामुळे चिकनऐवजी टोफू घातला म्हणून ती करी शाकाहारी होत नाही. कच्च्या पपईच्या सोम तम या सॅलडमध्ये फिश सॉस आणि सुकी कोळंबी दोन्ही असतात, तर नुसत्या परतलेल्या भाज्यांतही कालवांपासून बनणारा ऑयस्टर सॉस असू शकतो. फो या व्हिएतनामी नूडल्स सूपचा पारंपरिक रस्सा हाडे तासन्‌तास उकळून काढलेला असतो, तेव्हा ‘व्हेज फो’ मागवताना त्याचा रस्सा वेगळा शिजवला आहे का, हे विचारायलाच हवे.

म्हणून ‘यात मासे आहेत का?’ हा प्रश्न अपुरा आहे. फिश सॉस, श्रिंप पेस्ट आणि ऑयस्टर सॉस यांची नावे घेऊन विचारावे. करीचे वाटण रेस्टॉरंटमध्येच होते की तयार आणले जाते, हेही विचारावे. तयार वाटण असेल, तर पाकिटावरील हिरवी खूण आणि घटकांची यादी दाखवण्याची विनंती करण्यात काहीही गैर नाही. हे सारे आदल्या दिवशी, टेबल राखून ठेवताना फोनवर बोलून घेतले, तर स्वयंपाकघरालाही तयारीला अवधी मिळतो. जैन मित्रांसाठी तर हे अटळ आहे, कारण लसूण आणि लहान कांदे वाटणातच मिसळलेले असतात आणि ऐन वेळी ते काढता येत नाहीत.

टेबलावर आधीच आणून ठेवलेल्या पांढऱ्या, फुगलेल्या पापड्यांबाबतही सावध राहावे. त्या साबुदाण्याच्या पापडीसारख्या दिसत असल्या तरी पुष्कळदा टॅपिओकाच्या पिठात कोळंबी मिसळून केलेल्या असतात. ज्याला कोळंबीची ॲलर्जी आहे, त्याने त्या टाळाव्यात आणि व्हेज स्प्रिंग रोल त्याच तेलात तळले जातात का, हेही विचारावे. आपल्या घरोघरी शेंगदाण्याचे कूट इतके सर्रास वापरले जाते की शेंगदाण्याची ॲलर्जी असलेला पाहुणा आपल्या ध्यानातच येत नाही. साते, गाडो-गाडो, पॅड थाई आणि मस्समन करी या चारही पदार्थांत शेंगदाणा असतो. ॲलर्जीची गोष्ट ऑर्डर घेणाऱ्याला प्रत्येक पदार्थाच्या वेळी पुन्हा सांगावी, कारण नव्या ठिकाणी कर्मचारीही अजून शिकत असतात.

ऑर्डर देताना प्रत्येकाने स्वतःसाठी एक करी मागवणे, ही दुसरी मोठी चूक. थाई जेवणात भात प्रत्येकाचा आणि बाकी सारे पदार्थ मध्यभागी, सर्वांचे, अशी रीत आहे, आणि त्या पदार्थांनी एकमेकांना तोलून धरायचे असते. रेड, ग्रीन आणि यलो अशा तिन्ही करी मागवल्या, तर टेबलावर नारळाच्या दुधाचे तीन वाडगे येतात आणि जेवण जड होते. सहा जणांसाठी एक आंबट-तिखट सूप, एक नारळाची करी, एक सॅलड, एक परतलेली भाजी आणि एखादा नूडल्सचा पदार्थ पुरेसा होतो. कमी पडले तर पुन्हा मागवता येते. नूडल्स मात्र आल्याबरोबर खाव्यात. छायाचित्रांसाठी थांबले तर पॅड थाईचा गोळा होतो आणि फोमधल्या शेवया रस्सा पिऊन फुगतात.

थाई भात चमचा उजव्या हातात आणि काटा डाव्या हातात धरून खातात. चॉपस्टिक्स तिथे प्रामुख्याने नूडल्ससाठी असतात, त्यामुळे भातासाठी त्या मागून धडपडण्याची गरज नाही. करी थोडी थोडी, वाढण्याच्या चमच्यानेच घ्यावी. टॉम यम या आंबट-तिखट थाई सूपमधील गवती चहाचे देठ, गलांगल या आल्यासारख्या कंदाच्या चकत्या आणि लिंबाची पाने केवळ सुगंधासाठी असतात. ती चावू नयेत, बाजूला काढून ठेवावीत. चव घेण्याआधीच सूपमध्ये मिरचीचा सॉस ओतणे हे तर मला फार खटकते, कारण त्या सूपची सारी मेहनत आंबट, खारट, तिखट आणि गोड यांचा मेळ साधण्यात गेलेली असते.

तिखट झेपले नाही, तर पाणी पिऊन उपयोग होत नाही, कारण मिरचीतील कॅप्साइसिन पाण्यात विरघळत नाही. कोरडा भात खावा किंवा दूध घातलेला थाई चहा मागवावा; दुधातील प्रथिने दाह कमी करतात.

मांसाहारी घटक असलेला पदार्थ शाकाहारी मित्रापुढे आलाच, तर शांतपणे लगेच सांगावे, तो परत पाठवावा आणि बदली पदार्थाची खात्री व्यवस्थापकाकडून करून घ्यावी. अर्धा संपल्यावर केलेली तक्रार दोन्ही बाजूंना अवघड करते. बिल समान वाटण्याआधी मद्याची रक्कम वेगळी काढावी, म्हणजे न पिणाऱ्यांवर भार पडत नाही. सेवा शुल्क मात्र ऐच्छिक आहे: केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये ती कायम ठेवली. सेवा आवडली नसेल, तर ती रक्कम बिलातून काढून टाकण्यास संकोच न करता सांगावे.