गरोदरपणात घरातले मांजर: टॉक्सोप्लाझ्मोसिस कसा टाळावा

सातारा-सांगलीकडच्या शेतकरी घरात मांजर पाळले जाते ते मुख्यतः उंदरांपासून धान्य राखण्यासाठी. पण सुनेला दिवस गेले की शेजारणींच्या सांगण्यावरून तेच मांजर पोत्यात घालून लांब सोडून येतात. ही घाई अनाठायी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. टॉक्सोप्लाझ्मोसिस हा आजार टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या सूक्ष्म परजीवीमुळे होतो, आणि त्याचा धोका मांजराला हात लावण्यात फारसा नसतो. तो त्याच्या शिळ्या विष्ठेत, तिने दूषित झालेल्या मातीत आणि अर्ध्याकच्च्या मटणात असतो.

उंदीर किंवा कच्चे मांस खाऊन प्रथमच बाधित झालेले मांजर साधारणपणे 1 ते 3 आठवडे विष्ठेतून या परजीवीची सूक्ष्म अंडी टाकते. ती बाहेर पडताच बाधक नसतात. बाधक व्हायला त्यांना 1 ते 5 दिवस लागतात. म्हणून मांजराची वाळूची पाटी रोजच्या रोज साफ करावी आणि हे काम गरोदर स्त्रीऐवजी घरातल्या दुसऱ्या कोणी करावे. तिलाच करावे लागले, तर रबरी हातमोजे घालावेत आणि नंतर साबणाने हात स्वच्छ धुवावेत. ब्लीचिंगच्या पाण्याने ही अंडी मरत नाहीत, त्यामुळे पाटीवर उकळते पाणी ओतावे. मांजराला कच्चे मटण किंवा कोंबडीची आतडी घालू नयेत.

आपल्याकडची बहुतेक मांजरे मात्र पाटीत न बसता परड्यात किंवा बांधकामासाठी आणलेल्या वाळूच्या ढिगात उकरून बसतात, आणि ओलसर मातीत ही अंडी वर्षभरही टिकू शकतात. वाळूवर ताडपत्री टाकावी. हळदीची किंवा भुईमुगाची खुरपणी करताना हातमोजे घालावेत. वाफ्यातून उपटलेला मुळा झटकून, पदराला पुसून तिथेच खाण्याची सवय या 9 महिन्यांत सोडावी; मुळा, गाजर, कोथिंबीर वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावी. माती खाण्याचे डोहाळे लागले, तर ते न लपवता डॉक्टरांना सांगावेत.

मटणाचा रस्सा नीट उकळून शिजला की भीती उरत नाही. भीती असते ती मीठ पाहण्यासाठी मधेच काढलेल्या तुकड्याची आणि रक्त वाढावे म्हणून निखाऱ्यावर भाजून दिलेल्या कलेजीची. अशी कलेजी बाहेरून काळी पडलेली असली, तरी फोडून पाहिल्यावर आत गुलाबी दिसते. ती तशी देऊ नये. मटण चिरलेली विळी साबणाने धुतल्याशिवाय कोशिंबिरीला वापरू नये. शेळीचे दूध निरसे पिऊ नये.

बहुतेक स्त्रियांना या आजाराची लक्षणे जाणवत नाहीत. क्वचित मानेत गाठी येतात व बारीक ताप येतो. पहिल्या महिन्यांत बाधा झाल्यास ती गर्भापर्यंत पोहोचण्याची शक्यता कमी असते, पण पोहोचलीच तर बाळाच्या मेंदूला व डोळ्यांना गंभीर इजा होऊ शकते. पुढच्या महिन्यांत ती सहज पोहोचते, पण इजा सहसा सौम्य असते. म्हणून घरात मांजर असल्याचे पहिल्याच तपासणीत सांगावे. रक्ततपासणीत या परजीवीविरुद्धची प्रतिपिंडे (शरीराने बाधेशी लढायला तयार केलेली प्रथिने) पाहतात: आयजीएम बाधेनंतर आधी तयार होते, तर आयजीजी नंतर तयार होऊन टिकून राहते. रक्तात आयजीजी असून आयजीएम नसेल, तर बाधा बहुधा जुनी असते आणि आईची प्रतिकारशक्ती बाळाला सांभाळते. आयजीएम मात्र बाधेनंतर कित्येक महिने दिसत राहू शकते, त्यामुळे तेवढ्या एका अहवालावरून घाबरून गर्भपाताचा निर्णय घेऊ नये. पुढच्या तपासण्या करून तज्ज्ञांकडून बाधेचा काळ ठरवून घ्यावा.