बॉल पायथनचा रंग उतरला? घाबरून या चुका करू नका

बॉल पायथन हा घरी पाळला जाणारा छोटा अजगर. तो फिका पडला की नव्याने पाळणाऱ्याच्या पोटात गोळा येतो आणि उपाय सुरू होतात. बहुतेक वेळा साप धडधाकट असतो, उपायच नडतात.

सगळ्यात जास्त घोळ कातीच्या वेळी होतो. अंगाची चकाकी जाते, काळा रंग राखेसारखा दिसतो, पोट गुलाबी होतं, मग डोळ्यांवर निळसर साय येते. हा मोतीबिंदू नव्हे. जुन्या आणि नव्या कातडीमध्ये द्रव साठलेला असतो. काही दिवसांनी डोळे निवळतात, ‘झाला बरा’ म्हणेपर्यंत कात पडते. तोवर त्याला नीट दिसत नाही, हात लावला की दचकतो, उंदराकडे ढुंकूनही बघत नाही. भरवायचा हट्ट नको, तेल-व्हॅसलीन तर नकोच. आर्द्रता ७० टक्क्यांच्या आसपास ठेवा आणि ओलं मॉस भरलेला लपायचा डबा द्या.

कात तुकड्यांनी निघाली तरी नखाने ओढू नका. मी एकदा ओढली आणि खाली कच्ची, लालसर कातडी दिसल्यावर हात आखडले. कोमट पाण्यात पिळलेल्या टॉवेलमधून त्याला सरकू द्या, बरीचशी आपोआप निघते. शेपटीच्या टोकाला अडकलेल्या वेढ्याकडे मात्र लक्ष ठेवा, तो रक्तपुरवठा तोडतो. डोळ्यावर पापुद्रा राहिला तर चिमटा लावू नका.

काही बदल वयाचे असतात. मॉर्फ म्हणजे पैदाशीतून आलेला रंगप्रकार. बनाना मॉर्फच्या अंगावर मोठेपणी काळे ठिपके उमटतात, पेस्टल मॉर्फचा पिवळा मळकट होतो. विकणाऱ्याने फसवलं असं नाही. पिल्लू घेतानाच मोठ्या सापाचा फोटो मागायचा.

घाबरायचंच असेल तर पोट बघून घाबरा. कातीचा गुलाबीपणा सगळीकडे सारखा असतो. लाल-तपकिरी डाग, खवल्यांखाली पाण्याचे फोड किंवा वास आला, तर ते कुजणं तरी असतं नाहीतर भाजणं. थर्मोस्टॅटशिवाय (तापमान आवरणाऱ्या उपकरणाशिवाय) लावलेली हीट मॅट, म्हणजे तापणारी चटई, हे भाजण्याचं नेहमीचं कारण. उबदार बाजू ३२ अंशांच्या आसपास हवी, आणि ती थर्मामीटरच्या प्रोबने मोजायची, तळहाताने नाही. पाण्याच्या भांड्यात मिरपुडीसारखे काळे कण दिसले तर ते माइट्स, म्हणजे सापाचं रक्त पिणारे बारीक किडे.

अशा वेळी सरपटणारे प्राणी बघणारा पशुवैद्य गाठा. कागदपत्रं नाहीत म्हणून अनेकजण जातच नाहीत. अशा विदेशी प्राण्यांसाठीच्या २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर सापाची नोंदणी करायची असते, ती आधीच उरकून टाका. फोड फुटल्यावर फॉर्म भरत बसायची वेळ नसते.