चाकाचा कोनीय वेग काढताना या चुका टाळा

न घसरता फिरणाऱ्या चाकाचा कोनीय वेग (चाक सेकंदाला किती कोनातून फिरतं ते) म्हणजे वेग भागिले त्रिज्या. सूत्र एवढंच. तरी उत्तरं चुकतात, कारण वेग कोणत्या बिंदूचा आणि त्रिज्या कशाची, हे कुणी विचारत नाही.

त्रिज्येपासून बघू. गाडी ताशी ७२ किलोमीटरने चालली आहे आणि टायरवर १८५/६५ आर १५ असं लिहिलंय. यातले १५ हे इंच, आणि तोही रिमचा व्यास, टायरचा नव्हे. १८५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे टायरच्या कडेची उंची रुंदीच्या ६५ टक्के, साधारण १२० मिलिमीटर. ही कड रिमच्या वर आणि खाली अशी दोनदा धरायची, इथेच बरेच जण एकदाच धरून मोकळे होतात. १५ इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर, म्हणून व्यास ३८१ + २४०.५ = ६२१.५ मिलिमीटर, त्रिज्या सुमारे ०.३११ मीटर. वेग सेकंदाला २० मीटर, म्हणून कोनीय वेग सेकंदाला सुमारे ६४ रेडियन (रेडियन हे कोनाचं एकक, एका फेऱ्यात सुमारे ६.२८). (वजनामुळे टायर खाली थोडा दबतो, त्यामुळे खरा आकडा किंचित जास्त निघतो. परीक्षेत ते सोडून द्या.)

उत्तर ३२ आलं? व्यासाने भागलंत. २३२ आलं? ताशी किलोमीटर तसेच ठेवलेत. ६१५ आलं तर ते मिनिटाचे फेरे आहेत आणि १० च्या आसपास आलं तर सेकंदाचे. हिशोब बरोबर, एकक वेगळं.

आता वेग. चाकाचा सर्वांत वरचा बिंदू जमिनीच्या सापेक्ष सेकंदाला ४० मीटरने जातो, टेकलेला बिंदू त्या क्षणी स्थिर असतो. हे ४० घेऊन त्रिज्येने भागलं की उत्तर दुप्पट. टेकलेल्या बिंदूपासून मोजायचं तर अंतरही व्यासाएवढं घ्या, पुन्हा ६४ च येईल. सूत्रातला वेग चाकाच्या मध्याचा असतो.

ही चूक फक्त विद्यार्थ्यांची नाही. १९८२ साली अमेरिकेतल्या एसएटी या कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेत विचारलं होतं: तिप्पट त्रिज्येच्या वर्तुळाभोवती लहान वर्तुळ गडगडत गेलं तर मूळ जागी येईपर्यंत किती फेरे घेईल? परीक्षकांच्या मते ३. पण लहान वर्तुळाचा मध्य चौपट त्रिज्येच्या वाटेने जातो, म्हणून खरं उत्तर ४, आणि ते पर्यायांतच नव्हतं! तीन विद्यार्थ्यांनी चूक दाखवून दिली.

शेवटची अट घसरण्याची. चिखलात रुतलेली गाडी जागची हलत नाही, चाक मात्र गरगरतं. करकचून ब्रेक दाबला की उलट, चाक थांबतं आणि गाडी पुढे सरकते. दोन्हीकडे हे सूत्र लावू नका. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत प्रत्येक चाकाची गती मोजणारा सेन्सर असतो. एखादं चाक एकदम मंदावून अडकू लागलं की त्याचा ब्रेक क्षणभर सैल केला जातो.