सायप्रस एकीकरणाची अभिरूप वाटाघाट वर्गात कशी घ्यावी

नाशिकच्या कॉलेजात राज्यशास्त्राच्या मुलांकडून हा सराव करून घ्यायचा तर सलग तीन तास हाताशी ठेवा. ग्रीक सायप्रियट आणि तुर्की सायप्रियट असे दोन संघ, मध्ये संयुक्त राष्ट्रांचा मध्यस्थ. सायप्रसच्या स्वातंत्र्याच्या 1960 च्या कराराचे हमीदार ग्रीस, तुर्की आणि ब्रिटन यांना शेजारच्या खोलीत बसवा.

सुरुवात नकाशापासून. 1974 मध्ये तुर्कीचं सैन्य उतरलं, तेव्हापासून बेटाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग तुर्की बाजूकडे आहे. अन्नान योजनेत (संयुक्त राष्ट्रांनी मांडलेल्या एकीकरणाच्या आराखड्यात) तो 29 टक्क्यांच्या आसपास येणार होता. रेषा ओढली की मालमत्तेचा प्रश्न अंगावर येतो, आणि निम्मा वेळ इथेच द्यायला हवा. एका घराचं कार्ड बनवा: मूळ मालक ग्रीक कुटुंब, पन्नास वर्षं राहतंय तुर्की कुटुंब. सातबारा एकाचा, कब्जा दुसऱ्याचा, एवढं सांगितलं की मुलांना पेच लगेच कळतो. घर परत, भरपाई की अदलाबदल? आणि पैसा कुणाचा, हे लिहूनच घ्या. नाहीतर सगळे भरपाईवर खूश होऊन उठतात.

सैन्य आणि हमीचा विषय शेवटच्या तासावर ढकलू नका. 2017 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या क्रान्स-मोंटानाची एकीकरणाची बोलणी फिसकटली, त्यात तो मोठा अडसर होता.

मग दोन्ही समाजांचं वेगळं गुप्त मतदान. 2004 मध्ये अन्नान योजनेवरच्या सार्वमतात 65 टक्के तुर्की सायप्रियट ‘हो’ म्हणाले, 76 टक्के ग्रीक सायप्रियट ‘नाही’. युरोपीय संघाचं सदस्यत्व ग्रीक सायप्रियटांना तसंही मिळणारच होतं. मतदार मात्र वाटाघाटीत न बसलेलेच निवडा.