भुताच्या घराची पटकथा: आधी कडी कुठे ते ठरवा

भुताच्या घरावरची पटकथा बहुतेक वेळा एकाच जागी फसते. अर्धा तास उलटतो आणि प्रेक्षक शेजाऱ्याला विचारतो, "एवढं होऊनही ही माणसं घर सोडून का जात नाहीत?" हा प्रश्न थिएटरात आला की पुढचं कुठलंच भूत चालत नाही. म्हणून लिहायला बसताना भुतापासून सुरुवात करू नका. या माणसांना घरात अडकवणारं काय आहे ते आधी शोधा.

समजायला सोपं जावं म्हणून एक कथा घेऊ. ठाण्याहून एक कुटुंब कोकणातलं वडिलोपार्जित घर विकायला येतं. नवरा, बायको मेधा, सात वर्षांची चिनू आणि सासू. चित्रपट ११० मिनिटांचा. पटकथेचं एक पान म्हणजे साधारण एक मिनिट धरलं तर मध्यंतर ५५ ते ६० पानांच्या दरम्यान येईल.

अडकण्याचे तीन टप्पे

एकच कारण ११० मिनिटं पुरत नाही. तीन लागतात, आणि प्रत्येक आधीच्यापेक्षा घट्ट हवं. पहिलं पैशाचं: नवऱ्यानं गिऱ्हाइकाकडून पाच लाख इसार घेतलाय आणि तो कर्जात भरूनही टाकलाय. बारा दिवसांत व्यवहार झाला नाही तर पैसे परत द्यावे लागतील. हे दहाव्या पानाच्या आत सांगून टाका, तेही भांडणातून. दुसरं कारण निसर्गाचं, मध्यंतराच्या आसपास: घाटात दरड कोसळते. तिसरं ऐंशीव्या मिनिटाला: घरातलंच एक माणूस आत अडकतं आणि त्याला टाकून जाणं शक्य नसतं. १९८२च्या 'पोल्टरगाइस्ट'मध्ये धाकटी मुलगीच घरात गडप होते, त्यामुळे आईबापांना घर सोडता येत नाही. ही गाठ इतकी पक्की आहे की तिथे कुणी तो प्रश्न विचारत नाही.

क्रम उलटा केलात तर घोटाळा होतो. दरड आधी कोसळली आणि इसाराची गोष्ट नंतर कळली, तर इसार ही लेखकाची मागाहून सुचलेली सबब वाटते.

भूत कोण आणि त्याचा नियम काय

आपल्याकडे प्रत्येक भुताला ठरलेली जागा आहे. मुंज्या पिंपळावर, गिऱ्हा पाण्यात. घराला लागतो तो समंध: वारस नसलेला, किंवा वाडीमाडीत जीव अडकलेला. घराच्या कथेत मालकी हाच झगडा असतो, म्हणून भूत निवडताना तिकडेच बघा. मुंज्याला उगाच माजघरात आणलंत, तर कोकणातला प्रेक्षक पहिल्या दहा मिनिटांतच तुमच्यावरचा विश्वास काढून घेईल.

आपल्या कथेत चुलत सासू आहे, विधवा, निपुत्रिक. घरातला तिचा वाटा सोडून द्यावा म्हणून तिला कोठीच्या खोलीत बाहेरून कडी घालून कोंडलं होतं. तिनं अंगठा दिला नाही आणि ती आतच मेली. गावात सांगितलं गेलं, की विहिरीत पडली. हे सगळं एका पानावर स्वतःपुरतं लिहून ठेवा. यातलं काहीच जसंच्या तसं पडद्यावर येणार नाही.

आता यातूनच नियम काढा. बाहेरून घातलेली कुठलीही कडी ती उघडते. आतून घातलेल्या कडीला हात लावत नाही. बस्स, एवढाच. नियम भुताच्या मरणातूनच निघाला पाहिजे, आणि माणूस घाबरल्यावर स्वाभाविकपणे जे करतो त्यानं तो चाळवला गेला पाहिजे. घाबरलेली माणसं दारं बंद करतात, कुलपं आणतात. इथे नेमकं तेच केल्यानं प्रकरण चिघळतं. दोनतीनपेक्षा जास्त नियम असले की ते कुणाला तरी संवादातून समजावून सांगावे लागतात, आणि तिथे भीती संपून शिकवणी सुरू होते.

त्याच वेळी भूत खरं की माणसाची करणी, हेही ठरवून टाका. १९४९च्या 'महल'मध्ये शेवटी भूत नसतंच, आणि पूर्ण कथा त्या हिशेबानं बांधलेली आहे. अर्धी पटकथा झाल्यावर हा निर्णय बदलला तर मागच्या प्रत्येक प्रसंगाला ठिगळ लावावं लागतं.

नकाशा

कागदावर घर काढा: खळं, ओटी, माजघर, देवघर, कोठी, स्वयंपाकघर, मागचं दार, विहीर. पहिल्या पंधरा पानांत दिवसाउजेडी एका पात्राला या वाटेनं पुढून मागे एकदा चालवा. कोठीच्या मातीच्या भिंतीला ओल आलीय, हेही तेव्हाच दिसू दे. शेवटच्या वीस मिनिटांत तीच वाट अंधारात चालायची आहे. मागचं दार कुठे हे प्रेक्षकाला माहीत नसेल, तर धावपळीत भीती वाटत नाही, नुसता गोंधळ होतो. घर फ्लॅट असलं तरी हेच लागू.

प्रसंगांची चढण

चार रकान्यांचा तक्ता करा: प्रसंग कुठे घडला, कोणी पाहिला, त्याचं साधं कारण काय असू शकतं, आणि त्यानंतर काय बदललं. चौथा रकाना रिकामा राहिला तर तो प्रसंग कितीही भीतीदायक असो, काढून टाका. मध्यंतरापूर्वी सातआठ प्रसंग पुरतात. नंतर चारपाचच, पण लांब.

पहिल्या तीन प्रसंगांना साधं कारण मिळालंच पाहिजे. कौलांवरून धावणारं उदमांजर, पावसानं फुगलेलं लाकूड, विसरभोळी सासू. मग कारणं अपुरी पडू लागतात. सकाळी कोठीची कडी निघालेली दिसते. सासूनं तांदूळ काढले असतील. बाजारातून परत येतात तर पुढचं दार सताड उघडं, पण चोरी काहीच नाही. नवरा नवं कुलूप आणतो. सकाळी ते पायरीवर पडलेलं. पुढच्या प्रसंगात तो चिडून चिनूला शिक्षा म्हणून खोलीत कोंडतो, तेव्हा दार असं काही उघडतं की त्याची बोटं चेमटतात. पहिली इजा झाली, आणि तीही मुलीला सोडवताना. प्रेक्षकाला याचा अर्थ तासाभरानं लागेल.

एकच युक्ती तीनदा वापरायची असेल तर तिसऱ्या वेळी तिचा अर्थ बदलायला हवा. स्वप्नातला धक्का एकदाच चालतो. दुसऱ्यांदा प्रेक्षक कशावरच विश्वास ठेवत नाही. आणि दाखवण्याची घाई नको. १९६३च्या 'द हॉन्टिंग'मध्ये भूत दिसतच नाही. बंद दार आतल्या बाजूला फुगत येतं, तेवढ्यानं काम होतं.

मध्यंतर

परदेशी पुस्तकांत हे प्रकरण सापडत नाही, कारण त्यांच्याकडे मध्यंतर नसतं. आपल्याकडे दिवे लागतात, लोक समोसे आणायला उठतात, आणि तासाभरात जमवलेली भीती दहा मिनिटांत उतरते. म्हणून मध्यंतराला किंकाळी ठेवण्यात अर्थ नाही. तिथे समज उलटा करा. आतापर्यंत कड्या उघडत होत्या. आता पहिल्यांदाच कोठीला बाहेरून कडी लागलेली दिसते, आणि आतून चिनूचा आवाज येतो. भुतानं आपलाच नियम मोडला की काय? समोशाबरोबर चघळायला हा प्रश्न पुरतो. खरं उत्तर: कडी सासूनं घातली. चिनूच्या हाती जुनी ट्रंक लागली होती.

मध्यंतरानंतरचा पहिला प्रसंग दिवसाचा, शांत ठेवा. चिनू बाहेर आलीय, दार कोणी उघडलं ते सांगत नाही. भीती पुन्हा शून्यापासून चढवायची आहे.

मागची गोष्ट कशी सांगायची

इथेही बऱ्याच पटकथा मरतात. गावातला म्हातारा विडी शिलगावतो आणि सहा मिनिटं इतिहास सांगतो. त्याऐवजी गोष्ट तीन तुकड्यांत द्या: पहिला खोटा, दुसरा अर्धा, तिसरा खरा. खोटा शेजारीण सांगते, विहिरीचा. मग सगळे विहिरीला घाबरतात आणि कोठीकडे दुर्लक्ष होतं, ते आपल्याला हवंच आहे. अर्धा तुकडा कागदातून: ट्रंकेतल्या हक्कसोडपत्रावरची तारीख मृत्यूच्या नोंदीनंतर दोन दिवसांची आहे. मेलेल्या बाईनं अंगठा कसा दिला? तिसरा तुकडा कोणी सांगत नाही, तो दिसतो. सासू नेहमी सही करते. घाबरलेल्या अवस्थेत गिऱ्हाइकाच्या कागदावर ती अंगठा पुढे करते.

मांत्रिक आणायचा असेल तर अर्ध्या तुकड्यानंतर आणा, आणि तो हरला पाहिजे, कारण तो विहिरीच्या गोष्टीवर विसंबून विधी करतोय. त्यानं कुणाला छडीनं झोडपल्याचा प्रसंग लिहिणार असाल तर एक ध्यानात ठेवा: भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं महाराष्ट्रात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. आजच्या गावात कुणाला तरी हे ठाऊक असणार, म्हणजे पोलीस येऊ शकतात. ते दरडीमुळे येऊ शकत नाहीत, हे आपण आधीच केलंय.

शेवटची वीस मिनिटं

इथे नवं काही आणू नका. नवा ताईत नाही, नवं पात्र नाही. सासू मेधाला कोठीत कोंडते. कडी अर्थातच उघडते. मेधा बाहेर येते, आणि भेदरलेली सासू स्वतःच आत शिरून आतून कडी घालते. नियमाचा दुसरा अर्धा भाग आता वसूल होतो: ही कडी भूत उघडणार नाही. ओल आलेली भिंत खचायला लागलीय, आणि बाहेरून मेधा आणि नवरा दार बडवतायत. इथे कुदळ चालवायची की पळायचं, हा निर्णय मेधाचाच हवा. तो भुतानं घेतला तर दीड तास आपण कुणाची गोष्ट पाहिली हेच कळत नाही.

पहिला खर्डा झाला की भुताचे सगळे प्रसंग काढून उरलेलं वाचून पाहा. घर, इसार, अंगठा, सासू-सून एवढ्यावर गोष्ट उभी राहत नसेल तर आणखी भुतं घालून उपयोग नाही.

शेवटचा धक्का ठेवायचाच असेल तर तो नियमातूनच काढा. पावसाळा संपलाय, घर दुसऱ्याच कुणीतरी घेतलंय. नवा मालक निघताना दार ओढतो, खिशातून कुलूप काढून लावतो, दोनदा ओढून बघतो. तिथेच कापा. उघडलेलं कुलूप दाखवू नका.